मडरूम म्हंजे चिखलाची खोली?

"मडरूम? म्हंजे चिखलाची खोली? घरात?"

फोनवर आईचा आवाज असा चढला की समोरच्या क्युबिकलमधल्या मुलीनं मान वर करून बघितलं. (मी फ्रीलान्सर आहे, पण आठवड्यातून तीन दिवस अमरावतीतल्या एका ऑफिसात उसनी खुर्ची मिळते. कूलर चांगला आहे त्यांचा.) मी आईला समजावत होते की अगं, हल्ली बाहेरच्या देशांत घराच्या दारातच एक छोटी जागा करतात. बूट काढायला बाक, खाली कप्पे, वर कोट अडकवायला खुंट्या. त्याला लागूनच लॉन्ड्री रूम. मळकं सगळं तिथेच थांबतं, घरात येत नाही.

"मंग थे आपल्या आजीच्या सपरीत होतंच की," आई म्हणाली. "बाहेर रांजण, रांजणावर लोटा. पाय धुतल्याबिगर कोणाची हिंमत होती आत याची? तवा कोणी त्याचे व्हिडिओ नाई काढले."

पॉइंट होता. मी गप्प बसले.

तर मंडळी, व्हिडिओ हेच या सगळ्याचं मूळ. रात्री जेवण झालं की मोबाइलवर परदेशी घरं बघत बसायची मला वाईट खोड आहे. पांढरीशुभ्र लॉन्ड्री रूम, वेताच्या टोपलीत घडी केलेले टॉवेल, खिडकीत लॅव्हेंडरची कुंडी. इथे कुणी कधी चड्डी धुतली असेल यावर विश्वास बसू नये इतकं सगळं चकाचक. बर्फ पडणाऱ्या देशांत बुटांना लागून येणारा बर्फ-चिखल दारातच अडवायला ही मडरूम. जपानी घरात 'गेनकान' असतं. दाराच्या आतली जमीन मुद्दाम एक पायरी खाली, बूट तिथेच काढायचे, मग वर चढायचं. म्हणजे घाण आणि घर यांच्यामध्ये एक पायरी हवी, हे जगभर सगळ्यांना कळलेलं आहे. आपल्याकडेही कळलं होतं. फ्लॅट आले आणि दाराबाहेर चपलांचा ढीग आला.

पण आमचा प्रश्न व्हिडिओनं नाही, आईच्या मनगटानं काढला. गेल्या जुलैमधली गोष्ट. आमचं अकोल्याचं घर तीस वर्षं जुनं, बैठं. मागच्या बाजूला धुण्याचा दगड, त्याच्याभोवती शहाबादी फरशी. फरशीवर कायम शेवाळ. सकाळी आई भिजवलेल्या चादरींची बादली उचलायला गेली आणि सरळ आडवी झाली. उजवं मनगट. दीड महिना प्लास्टर. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, घसरायच्या जागा आधी दुरुस्त करा, औषध नंतर. मी आणि दादा, दोघांनाही आपापल्या ईएमआयच्या आड लपायची चांगली सवय आहे. पण यावेळी लपता आलं नाही. दादा पुण्यातून पैसे पाठवणार आणि मी दर शनिवारी अमरावतीहून जाऊन काम बघणार, असं ठरलं.

अमरावती-अकोला रस्ता तुम्हाला आठवत असेल. २०२२ च्या जूनमध्ये या मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनेसमध्ये नाव गेलं. त्याच रस्त्यानं दर शनिवारी जाताना मी विचार करायचे, की ७५ किलोमीटर पाच दिवसांत होतात तर आमचं सहा बाय नऊ फूट पाच आठवडे का घेतं? मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, तिथं घरचे लोक मध्ये बोलत नसतीन."

खरं होतं. बोलण्यात मीच पुढे होते.

माझा पहिला प्लॅन असा. बाबांचं मूर्तिजापूर रोडला थोडं शेत आहे. पावसाळ्यात तिकडून येताना पायाला दोन-दोन किलो काळी माती चिकटवून येतात. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की सोडत नाही. पहिल्या पावलाला चप्पल जड होते, दहाव्या पावलाला चपलेवर चप्पल तयार होते. म्हणून मी ठरवलं, की बाबांनी गाडी बाजूच्या बोळात लावायची, मागच्या दारानं यायचं, मागेच पाय धुवायचे, मागेच कपडे बदलायचे, कपडे थेट मशीनमध्ये. मळाची एकच वाट. कागदावर काय सुंदर दिसत होतं! बाण वगैरे काढले होते मी.

बाबांनी कागद बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "माह्या घरात मी चोरावानी मागून काहून येऊ?"

यावर उत्तर नव्हतं. आयुष्यभर माणूस समोरच्या दारानं आला. गेट उघडायचं, कडी वाजवायची, "पाणी आण वं" म्हणायचं. ते सगळं एका बाणानं खोडून टाकायला निघाले होते मी. घरं बदलताना आपण भिंती मोजतो, माणसाची यायची पद्धत मोजत नाही. तर प्लॅन फाडला आणि दोन तुकडे केले. पाय धुणं पुढे, कपडे धुणं मागे.

पुढचा तुकडा स्वस्तात झाला. गेटपासून दारापर्यंतच्या जागेत, ओट्याच्या कडेला चार बाय तीन फुटांचा चौकोन. बाकीच्या ओट्यापेक्षा दीड इंच खाली. खाली खडबडीत फरशी, पॉलिश केलेली नाही. एक नळ गुडघ्याच्या उंचीवर. बाजूला सतरा इंच उंच बाक, कारण साठीच्या माणसाला एका पायावर उभं राहून चिखलाचा बूट काढायला लावणं म्हणजे पुढच्या प्लास्टरची तयारी. बाकाखाली चपला, मध्ये हवा जाईल अशी जाळी. ओले बूट बंद कपाटात ठेवले तर चार दिवसांत बुरशी. आणि एक महत्त्वाचं. इथलं पाणी जाळीतून जाण्याआधी एका छोट्या हौदीत थांबतं. काळी माती तिथे खाली बसते, आठवड्यातून एकदा खुरप्यानं काढायची. ही हौदी केली नाही तर महिन्याभरात पाइप गच्च. ही आयडिया मिस्त्रींची, श्रेय त्यांना.

आता मागचं. इथे खरी मजा आणि खरं टेन्शन.

काळ्या मातीवर घर असलेल्या प्रत्येकानं हे कापून फ्रिजवर लावा: भिंतीच्या पायथ्याशी धुण्याचं पाणी मुरू देऊ नका. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात ज्या हातभर भेगा दिसतात ना, त्याच मातीवर आपली भिंत उभी असते. आमच्या मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग आहे, ती आम्ही दर दिवाळीला पुट्टी भरून लपवायचो. मिस्त्रींनी धुण्याच्या दगडाकडे बोट दाखवलं. तीस वर्षं तिथलं पाणी एकाच कोपऱ्यात जिरत होतं. मग तिथली काळी माती दोन फूट उकरून मुरूम भरला, ठोकला, वर काँक्रीट आणि भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार. शोषखड्डा करू म्हणणाऱ्या शेजारच्या काकांचंही ऐकलं नाही, कारण या मातीत पाणी जिरतच नाही नीट. शोषखड्डा दोन महिन्यांत डबकं होतो. सरळ पाइपनं गटाराच्या चेंबरपर्यंत नेलं. आईला केळीला पाणी सोडायचं होतं. तिला म्हटलं, शेवटच्या खळबळीचं सोड, साबणाचं नको. आधीच आपल्याकडे खारं, त्यात पावडरचं सोडियम. माती दगड होईल.

खाऱ्याचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. विहीर खोदा, बोर मारा, पाणी खारट. आमच्या कॉलनीतल्या बोरचं पाणी त्याच्याच नात्यातलं. दुसरीकडे नळाचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणाचं, गोड, पण रोज येत नाही. किती दिवसांनी येईल हे धरणातल्या साठ्यावर. म्हणून अकोल्यातलं घर म्हणजे टाक्यांचा संसार. आमच्याही छतावर दोन टाक्या आहेत, एक नळाची, एक बोरची. मशीनला कुठलं पाणी द्यायचं? बोरचं दिलं तर फेस कमी, पावडर जास्त, काळ्या टी-शर्टवर पांढरे डाग आणि आतल्या हीटरवर चुन्याचा थर. नळाचं दिलं तर प्यायच्या पाण्यात वाटेकरी. आम्ही दोन्ही लाइन आणल्या आणि मध्ये दोन व्हॉल्व्ह लावले. पाणी आलं त्या आठवड्यात गोडं, नाहीतर बोरचं. दोन महिन्यांतून एकदा मशीन रिकामं ठेवून लिंबूफूल टाकून गरम पाण्यावर फिरवायचं, चुना निघतो. मिठाला मात्र लिंबूफूल काही करू शकत नाही, आणि सॉफ्टनरसुद्धा नाही. तो चुना काढून घेतो आणि बदल्यात सोडियमच सोडतो. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

मशीन मी घेऊन बसले होते आधीच. सेल होता, काय करणार. फ्रंट लोड, कारण त्याला पाणी कमी लागतं. साधारण ५० लिटरच्या आसपास धुणं होतं, टॉप लोडला कितीतरी जास्त. पाण्याच्या टंचाईच्या गावात हाच शहाणपणा, असं मी दादाला ऐटीत सांगितलं. मशीन आलं, जोडलं, बटण दाबलं. पाच मिनिटांनी टूं टूं टूं. पाणी येत नाही म्हणे. नळ तर वाहत होता!

गोष्ट अशी आहे. अशा बऱ्याच मशीनला पाणी आत घ्यायला किमान ०.३ बारचा दाब लागतो, काहींना त्याहून जास्त. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंच पाण्याचा दाब. ०.३ बार म्हणजे तीन मीटर, आपल्या भाषेत दहा फूट. आता हिशेब करा. बैठं घर, छत दहा फुटांवर, टाकी छतावरच टेकवलेली, मशीनचा नळ जमिनीपासून साडेतीन फुटांवर. उरले साडेसहा फूट. मशीन बिचारं खरंच बोलत होतं. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनाही हा त्रास होतो, टाकी डोक्यावरच असते. उपाय तीन आहेत. प्रेशर पंप, तो लाइट गेली की बसला. सेमी ऑटोमॅटिक मशीन, त्यात बादलीनंही पाणी ओतता येतं. (वऱ्हाडात अजून इतक्या घरांत सेमीच का आहे, हे मला तेव्हा कळलं. लोक मागासलेले नाहीत, नळ बघून मशीन घेतात.) तिसरा उपाय, टाकी वर उचला. आम्ही पाच फुटांचा लोखंडी स्टँड केला. पण ५०० लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन, ते कुठेही ठेवता येत नाही. खाली भिंती जुळतात तो कोपरा शोधून ठेवली. मशीनपेक्षा जास्त वेळ या स्टँडनं खाल्ला. तेव्हा मशीन घेण्याआधी टेप घेऊन छतावर चढा. सेल पुन्हा येतो.

बाकीचं भराभर सांगते. मशीनसाठी दोन बाय दोन फूट जागा, पण पुढे दार उघडून वाकायला आणखी तीन फूट. सॉकेट १६ अँपिअरचा, अर्थिंगसह, कारण आतला हीटर २००० वॉटच्या घरात असतो आणि जुना ६ अँपिअरचा सॉकेट त्याला वितळून दाखवतो. आरसीसीबी बसवा, ओल्या जागेत वायरमनला "चालते ना" म्हणू देऊ नका. मशीनच्या घाण पाण्याचा पाइप जमिनीवर लोळवू नका, त्याचं तोंड दोन-तीन फूट उंचीवर हवं, नाहीतर पाणी भरता भरताच निघून जातं आणि मशीन भरतच बसतं. फरशीला चार फुटांत निदान अर्धा इंच उतार. मिस्त्री "दिला ना ताई" म्हणाले तरी सिमेंट ओलं असताना बादलीभर पाणी ओतून बघा. आमचं पाणी पहिल्यांदा थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे निघालं होतं. आणि हो, पाणी जायच्या त्या कपासारख्या जाळीला देशभरातले सिव्हिल इंजिनिअर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी! घरातून गेली, टेक्स्टबुकात राहिली.

कूलरचं राहिलं. आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो. मार्च ते जून घरातली एक खिडकी कूलरच्या मालकीची असते, आणि ती बहुतेक मागचीच असते. मी मशीन आणि वाळत घालायच्या दोऱ्या अगदी त्याच खिडकीसमोर काढल्या होत्या. पण कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो म्हणून गारवा देतो. त्याच्या तोंडाशी ओल्या चादरी लटकवल्या तर तो दमट हवा ओढणार, वर पावडरचा वास. म्हणून दोऱ्या दुसऱ्या टोकाला नेल्या. तिथे पत्र्याऐवजी अर्धपारदर्शक शीट, दोन बाजू मोकळ्या, आणि दोरी ओढून वर-खाली होणारा स्टँड, म्हणजे आईला हात उंचावायला नको. उन्हाळ्यात जीन्स तासाभरात कडक होते, तो प्रश्नच नाही. प्रश्न ऑगस्टचा. तेव्हा कूलरचा पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा कपड्यांवर सोडायचा. कूलरला पावसाळी नोकरी.

अमरावतीतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये यातलं काहीच नाही. तिथे आहे 'ड्राय बाल्कनी', म्हणजे घरातली सगळ्यात ओली जागा. तीन बाय पाच. तुमचीही तेवढीच असेल. तिथे मी एवढंच केलं की मशीनवर फळी, फळीवर पावडर, छताला ओढायचा स्टँड, आणि दाराच्या आत दोन फूट जागा चपलांसाठी खडबडीत चटईनं वेगळी केली. चटईच्या पुढे चप्पल नाही. मैत्रिणी पहिल्यांदा हसल्या, आता दारातच उड्या मारत सँडल काढतात.

आता जे मी प्लॅनमध्ये लिहिलंच नव्हतं ते.

अकोल्याला आमच्याकडे धुण्याला एक मावशी येतात. मी दहावीत होते तेव्हापासून. मशीनचा खोका अंगणात उतरला त्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. आईला म्हणाल्या, "वहिनी, मशीन आली तं आता माह्या धुण्याचं काय?" आईनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, कारण माझ्या वहीत, ईएमआयच्या रकान्यासमोर, "धुण्याचे वाचतील" असं मीच लिहिलं होतं. १२०० रुपये महिना. मला ती फक्त एक ओळ होती.

अमरावतीत गाडगेनगरात मी रोज गाडगेबाबांच्या समाधीवरून जाते. शेंडगावात १८७६ साली परीट घराण्यात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हातात घ्यायचा. दुसऱ्याचा मळ काढणाऱ्यांच्या घरातला. आपण त्यांचा फोटो लावतो, आणि धुणं करणाऱ्या बाईची ओळ वहीत पेन्सिलनं खोडतो. मला त्या शनिवारी समाधीसमोरून गाडी नेताना बरं वाटलं नाही, एवढंच सांगते.

आईनं निर्णय घेतला, मला न विचारता. पैसे तेच. मावशींनी मशीन लावायचं, कॉलर-बाह्या आधी घासायच्या, वाळत घालायचं, घड्या करायच्या. दादा फोनवर म्हणाला, मग मशीन कशाला घेतलं? आई म्हणाली, "तिची कंबर बी कंबरच हाय."

मग मी एक काम केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मावशींना विचारलं, ओटा किती उंच हवा? व्हिडिओत सगळे ३६ इंच करतात. मिस्त्री ३० म्हणत होते. मावशी ठेंगण्या. त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, हात पुढे करून कपडा घासल्यासारखा केला, आणि मिस्त्रींनी तिथे खडूची रेघ मारली. २८ इंच. शिवाय म्हणाल्या, "चादरी मशीनमंदी टाका, पण गोधडी? गोधडीले बसूनच धुवा लागते." म्हणून जुना दगड फेकला नाही. घासून, शेवाळ काढून, नव्या उतारावर एका कोपऱ्यात बसवला, शेजारी धरायला स्टीलची दांडी. माझ्या मॉडर्न लॉन्ड्रीत मधोमध दगड. फोटोत तो येऊ नये म्हणून मी खूप कोन बदलून बघितले, येतोच.

बारा महिन्यांनी काय होईल माहीत नाही. मशीन शिकून झालं की आईच बटण दाबेल, दादा पुन्हा हिशेब काढेल. मावशींनाही ते कळतंय. परवा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या ओळखीत कोणाकडं इस्त्रीचं काम हाय का.

मागच्या शनिवारी पाऊस धो-धो. बाबा शेतातून आले, समोरच्या दारानं. गेट, कडी, आरोळी. बाकावर बसले, बूट काढले, नळ सोडला. काळं पाणी हौदीत गेलं, ओटा कोरडा. मी मोबाइल काढून शूट करत होते, अगदी त्या व्हिडिओंसारखं. तेवढ्यात ओले पाय हवेत धरून बाबा ओरडले, "पाय पुसू कायनं?"

सगळं होतं. उतार, जाळी, हौदी, सतरा इंच बाक. टॉवेल अडकवायला खुंटी नव्हती.

आज सकाळी आईनं फोटो पाठवला. माझ्या नव्या टाइलमध्ये तिनं डाव्या हातानं खिळा ठोकला आहे. टाइलला बारीक तडा गेला आहे, आणि खिळ्यावर बाबांचा जुना पंचा.